चौथ्या ‘का’चं उत्तर

१८ नोव्हेंबर, सोमवार

नवी मांडणी आजपासून सुरू. लिहून ठेवते, कारण कंपनीत माझं म्हणावं असं हे पहिलंच काम.

आम्ही गाडीच्या इंजिनाखाली बसणारं तेलाचं भांडं करतो. सपाट पत्र्याचा तुकडा प्रेसखाली ठेवायचा. वरून ठोकळा उतरतो, पत्रा साच्यात ओढला जातो आणि एका दाबात खोल भांडं तयार होतं. कोपऱ्यांत पत्रा सर्वांत जास्त ताणला जातो. फार पातळ झाला तर तडकतो. म्हणून आधी त्याला तेल लावतात. मग तो कडेकडून आत सरकतो.

हे तुकडे पत्र्याच्या लांब गुंडाळीतून कापले जातात. आजवर ते उभे कापत होते. मी ते आडवे बसवले. शंभर निघत तिथे आता एकशे सहा निघतात. चाळीस भांडी काढून पाहिली, एक चिरून कोपऱ्याची जाडी मोजली. ठीक होती. आमचे कारखाना प्रमुख विराज सर म्हणाले, हे आधी कोणाला कसं सुचलं नाही. ते सहसा काही म्हणत नाहीत.

चार नंबरच्या प्रेसवर गुणाजीमामा असतात. बावीस वर्षं तिथेच. भांडं बाहेर आलं की उलट्या बोटांनी चारी कोपऱ्यांवरून एकदा हात फिरवतात आणि मगच पुढे देतात. जाडी मोजायचं यंत्र त्यांच्या शेजारी खिळ्याला टांगलेलं आहे. त्यावर धूळ असते. आज मला म्हणाले, "मॅडम, पत्रा आडवा आलाय."

मुद्दामच घेतलाय, मोजून पाहिलंय, असं मी सांगितलं.

"मोजलंय तर बरंच हाय," म्हणाले आणि कामाला लागले.

घरी बाबांना सांगितलं. गुणाजीमामा रोह्याच्या शाळेत त्यांचे विद्यार्थी होते. बाबा म्हणाले, तो बरा आहे ना, त्याला माझा नमस्कार सांग. एकशे सहाचं त्यांना फारसं काही वाटलं नाही.

३ डिसेंबर

नवी गुंडाळी लागली. पत्रा दुसऱ्या पोलाद गिरणीचा. कागदपत्रं बरोबर आहेत. नव्या पत्र्यावर पुन्हा चाळीस काढून पाहायला हवी होती, पण आठवड्याचा माल मागे पडला होता.

१२ डिसेंबर, गुरुवार

ग्राहक कंपनीचा फोन. सात भांडी गळली. त्यांच्या चाचणीत हवा भरली की कोपऱ्यातून बुडबुडे येतात. तडा डोळ्यांना दिसत नाही, केसाहून बारीक आहे. फोटो आले. सातही भांडी एकाच कोपऱ्यात तडकलेली.

फोटो पाहिला आणि मला पहिल्या मिनिटालाच कळलं. पत्रा लाटला जातो तेव्हा त्याला दिशा येते, लाकडाला असते तशी. उभा वेगळा ताणतो, आडवा वेगळा. हे इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात आहे. मला त्यात चांगले मार्क होते.

खात्री झाल्याशिवाय बोलू नये, असं स्वतःला सांगितलं.

१३ डिसेंबर

बैठक. अशा वेळी आमच्याकडे एक तक्ता भरावा लागतो. पाच वेळा ‘का’ विचारायचं. प्रत्येक उत्तराखाली पुढचं का. पाचव्याला मूळ सापडतं, असं मानलेलं आहे. तक्ता मी भरते, माझं अक्षर बरं आहे म्हणून.

गळतं का? तडा गेला. तडा का? पत्रा पातळ झाला. पातळ का झाला? आत सरकण्याऐवजी जागीच ताणला गेला. का सरकला नाही?

इथे मी पेन धरून थांबले. विराज सर म्हणाले, "तेल? तेल कमी पडलं असेल का?"

"असू शकतं," मी म्हटलं.

ते खोटं नव्हतं. तेल कमी पडलं तरी असंच होतं. पण तक्त्यात ‘असू शकतं’ लिहायला जागा नसते. ‘तेल कमी लावले’ असं लिहिलं. मग पाचवं आपोआप आलं. तेल कमी का लावले? ऑपरेटरचा निष्काळजीपणा.

सगळं मिळून वीस मिनिटं लागली. सरांनी फोटो काढून ग्राहकाला पाठवला.

१४ डिसेंबर, शनिवार

तक्त्यावर ज्याचं नाव त्याची सही लागते. मी प्रेसवर गेले. मामांनी हात पुसले, चष्मा लावला. वाचायला फार वेळ लागला. मग विचारलं, "हे तुम्ही लिवलंत?"

हो म्हटलं.

"मोजून?"

मी म्हटलं, मामा, नुसता कागद आहे, ग्राहकासाठी असतो. त्यांनी सही केली. नाव पूर्ण लिहितात, वडिलांच्या नावासकट.

वाद घालतील असं वाटलं होतं. घातला असता तर बरं झालं असतं.

१६ डिसेंबर, सोमवार

शिफ्टआधी सगळे पिवळ्या रेषेवर उभे राहतात. ज्याच्या नावावर चूक असते तो महिनाभर रोज तिथे आपली चूक वाचून दाखवतो. नियम जुना आहे. मी आल्यापासून पाचसहा जणांनी वाचलं असेल. कोण होते, आठवत नाही.

मामांनी ओळीखाली बोट ठेवून वाचलं. "मी तेल लावताना निष्काळजीपणा केला. त्यामुळे कोपऱ्यात तडा गेला. यापुढे मी तेल नीट लावीन." निष्काळजीपणा हा शब्द त्यांना एका दमात आला नाही. ‘निष्काळजी’ म्हणून थांबले, मग ‘पणा’ म्हणाले. मागे कोणीतरी हसलं.

तो शब्द माझा आहे. ‘दुर्लक्ष’ लिहिता आलं असतं.

१९ डिसेंबर

मुलं त्यांना तेलमामा म्हणतात. जेवणाच्या सुट्टीत एकाने त्यांच्या भाकरीवर तेलाची बाटली धरली आणि विचारलं, एवढं पुरेल ना, का तक्ता भरू. सगळे हसले. मामापण हसले. "वाईच जास्तच वत बाबा," म्हणाले, "मला कुठं कळतंय."

प्रेसवर ते आता पत्र्याला दोनदा तेल लावतात. कडेने ओघळतं, खाली थारोळं होतं. मी जवळून गेले की तिसऱ्यांदा लावतात. मला दाखवायला करतात. टोमणाच आहे. मला तो सहन करायला हवा.

आता आम्हीही प्रत्येक भांडं हवा भरून तपासतो. तरीही आज चार तडकलेली निघाली.

२१ डिसेंबर

मामांना प्रेसवरून काढलं. तयार भांडी धुण्याच्या टाकीवर पाठवलं. चार नंबरवर काळुराम आला. चांगला आहे, दहा वर्षं काम केलेला, पण घाई करतो.

कंपनीची बस रोह्याजवळच्या अष्टमी गावाहून पेणच्या कारखान्यात जाते. मी पुढच्या बाकावर असते. मामा पुढे धामणसई फाट्याला चढायचे आणि मागे जायचे. जाताना माझ्या बाकाच्या दांड्याला हात लावायचे, गुरुजी बरे ना, एवढंच विचारायचे. आज बस फाट्यावर थांबली. कोणी चढलं नाही. ड्रायव्हर म्हणाला, ते आता सहाच्या गाडीने पेणला जातात, स्टेशनवरून चालत.

मला बरं वाटलं, की दांड्याला हात लागणार नाही.

२४ डिसेंबर

काळुराम चहाला गेला तेव्हा दोन तुकडे मी जुन्यासारखे उभे कापून आणले. स्वतः प्रेस चालवली. तेल मुद्दाम कमी लावलं, एक हलका हात फक्त. हवा भरून पाहिली, दोन्ही भांडी चांगली निघाली. मग दोन आडवे, भरपूर तेल लावून. एक तडकलं.

चौथ्या ‘का’चं उत्तर माझ्या हातात होतं. चारही भांडी भंगारात टाकली. तडकलेल्या भांड्याचा कोपरा आधी हातोडीने चेपला.

२८ डिसेंबर

मांडणी पुन्हा उभी केली. कापणीच्या माणसाला सांगितलं की पातं झिजलंय, आडवं नीट कापत नाही, नवं पातं येईपर्यंत असंच राहू दे. कुठेही नोंद केली नाही.

निदान यापुढे तडे जाणार नाहीत. मामांवरचं बोलणं हळूहळू थांबेल. हाच सगळ्यात शहाणपणाचा मार्ग आहे.

६ जानेवारी, सोमवार

नऊ दिवस एकही तडा नाही.

सकाळच्या सभेत विराज सरांनी आकडा सांगितला. म्हणाले, बघा, ऑपरेटर बदलला, नव्याचा हात बसला आणि तडे शून्यावर आले, यालाच मुळापर्यंत जाणं म्हणतात, आसावरीचं अभिनंदन. टाळ्या वाजल्या. काळुराम माझ्याकडे बघून हसला.

टाळ्या थांबल्यावर मामांनी कागद उघडला आणि वाचला.

मी केलेल्या दुरुस्तीने त्यांच्यावर शिक्का बसला. हे मला आधी कसं दिसलं नाही? मला भूमिती येते, पत्रा कुठे किती पातळ होईल ते मी आधी सांगते. हे दिसलं नाही.

९ जानेवारी

मामा टाकीवरून उठून माझ्या टेबलाशी आले. मला वाटलं, आता बोलतील. म्हणाले, रविवारी आमच्या शेतावर पोपटी आहे, मडक्यात शेंगा भाजू, गुरुजींना घेऊन या. दरवर्षी बाबांना बोलावतात. मी कधी गेले नव्हते.

काय अर्थ घ्यायचा? त्यांना सगळं ठाऊक आहे. मला घरी बोलावून, खाऊ घालून लाजवायचं आहे. लाजवू देत.

१२ जानेवारी, रविवार

गेलो. भात निघालेल्या शेतात वाल लावलेले. मैनाकाकूंनी मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी रचली, मीठ-ओवा टाकला. मामांनी मडकं उपडं करून भोवती गवत-काटक्या पेटवल्या. चारचं ऊन होतं. काकू म्हणाल्या, "अशी उनात नको बसू गो बाय, तोंड काळं पडंल." एकच खुर्ची होती, ती बाबांना.

बाबा खुशीत होते. सांगू लागले की फळ्यावर वर्तुळ काढायला ते नेहमी गुणाजीला उठवायचे, दोरीशिवाय गोल काढायचा. मामा म्हणाले, "आन गणित चुकलं की छडी पन मलाच." सगळे हसलो. मग बाबांनी विचारलं, काय रे, आमची आसावरी त्रास देत नाही ना?

मी जाळात टाकायच्या काटक्या मोडत होते.

मामा म्हणाले, "नाय हो गुरुजी. मॅडमनी बरोबर पकडलं. मीच तेलाला कमी पडत व्हतो. मी हटलो आन तडे थांबलं."

कसलाही सूर नव्हता. इतकं चांगलं नाटक मला जमलं नसतं.

मडक्याशी मामा दोनतीनदा गेले. काकूंना विचारलं, झालं असंल का? थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. काकू चिडून म्हणाल्या, "मला काय विचारता, हात लावून बघा की." त्यांनी लावला नाही. शेवटी काकूंनीच उघडलं. शेंगा छान झाल्या होत्या. मी दोन वेळा घेतल्या.

परत येताना मी स्कूटर चालवत होते. बाबा मागून म्हणाले, गुणाजी तेल कमी लावील असं वाटत नाही. कधीकधी होतं, मी म्हटलं. अष्टमीच्या पुलावर आल्यावर म्हणाले, "पूर्वी तो मडक्याजवळ नुसता हात धरून सांगायचा, झालं म्हणून. आज बायकोला विचारत होता."

त्यांना काय सुचवायचं होतं कळलं नाही. मामांचं वय झालं असेल.

१३ जानेवारी

विराज सरांना सगळं सांगितलं. आडवी मांडणी, चोवीस तारखेची चार भांडी, पात्याचं खोटं. त्यांनी दार लावून घेतलं. शांतपणे ऐकलं. म्हणाले, तक्ता ग्राहकाने मान्य केलाय, विषय बंद झालाय, आता उघडला तर ते तपासणीला येऊन बसतील आणि सगळ्या कारखान्याचे तक्ते चाळतील. गुणाजीला मार्चमध्ये परत प्रेसवर घेऊ, हा माझा शब्द. "तू सांगितलंस, झालं. आता घरी जा."

मला हायसं वाटलं. हे लिहायला हवं. जिना उतरताना पाय हलके होते, आणि चहा घेतला तो गोड लागला.

१५ जानेवारी, बुधवार

आज मामांनी कागद उघडलाच नाही. घडी हातात तशीच होती. समोर बघत सगळं पाठ म्हणून दाखवलं. निष्काळजीपणा एका दमात आला.

१६ जानेवारी

महिना आज संपत होता. पिवळ्या रेषेवर मी मामांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि कागद मागितला. त्यांनी दिला. मी तो न वाचता सांगितलं की मांडणी मी बदलली, नवा पत्रा न तपासता चालू ठेवली, तेलाचा यात काही संबंध नव्हता, तडे थांबले कारण मी गुपचूप पत्रा पुन्हा उभा केला. आवाज बारीक निघाला. मागच्या रांगेतून "ऐकू नाय आलं" असं कोणी म्हणालं, म्हणून सगळं पुन्हा सांगावं लागलं.

कोणी हसलं नाही. काळुराम खाली बघत होता. सर निघून गेले.

दुपारी टाकीवर गेले. मामा भांडी उपडी करून पाणी निथळत होते. माफी मागितली. त्यांना सगळं आधीपासून ठाऊक होतं, आणि गप्प राहून त्यांनी मला सांभाळून घेतलं, असंही मी म्हणाले. हे वाक्य मी बसमध्ये बसून तयार केलं होतं.

मामांना ते कळलंच नाही. भांडं हातात तसंच धरून म्हणाले, "मला कुठं ठावं होतं? पयल्या दिवशी वाटलेलं, पत्रा आडवा हाय, बोटाला लागंल कुठंतरी. मग भांडी माझ्या बोटाखालून गेली आन गळली. तडा मला लागला नाय. वरनं तुम्ही लिवलंत. शिकल्याली मानसं मोजून लिवतात. म्हटलं, माझ्याच हाताचं काय तरी बिघडलं."

मी म्हटलं, तो तडा कोणाच्याच हाताला लागला नसता, केसाहून बारीक होता.

"रोह्याला डाक्तरला दाखवला हात," ते म्हणाले. "त्यानं सुई टोचून बघितली. म्हनाला, वयानं बोटं बधिर व्हतात."

मग त्यांनी पुढचं भांडं घेतलं.

तर ते तिसऱ्यांदा तेल लावत होते ते खरोखरच लावत होते. शेतावर जे बोलले ते खरंच बोलले. महिनाभर मी त्यांच्या गप्प राहण्यात माझा अपमान शोधत होते. त्यांच्या मनात मी नव्हतेच. त्यांचा स्वतःचा हात होता.

१८ जानेवारी

नवा तक्ता भरला. पाचही उत्तरं माझ्या नावावर. सोमवारपासून महिनाभर सकाळी मी वाचायचं. मांडणीचं काम काढून घेतलं. ग्राहकाची माणसं पुढच्या आठवड्यात येणार. सर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलतात.

बाबांना सांगितलं. ते बराच वेळ वर्तमानपत्राची घडी घालत राहिले. मग म्हणाले, गुणाजीकडे मी जाऊन येतो. तू नको येऊस.

२० जानेवारी, सोमवार

वाचलं. तेलमॅडम असं नाव पडलंय. आज कानावर आलं.

मामा पुन्हा चार नंबरवर आहेत. पोरांनी प्रेसला झेंडूचा हार घातला होता, काळुरामने स्वतः बोलावून त्यांना जागेवर उभं केलं. वाटलं, एवढं तरी पूर्ववत झालं.

२७ जानेवारी, सोमवार

चार नंबर मागे पडते आहे. पूर्वी तासाला जेवढी भांडी निघत त्याच्या निम्मी निघतात. सरांनी मला बघायला पाठवलं.

तासभर उभी राहिले. मामा भांडं बाहेर काढतात, खिळ्यावरचं यंत्र घेतात, एकेक कोपरा मोजतात, आकडा पुटपुटतात. यंत्रावर आता धूळ नाही. चारी कोपरे मोजून झाले की भांडं उजेडात धरून बघतात. मग पुन्हा पहिला कोपरा मोजतात.

मी म्हटलं, मामा, पूर्वीसारखं करा ना. हातानेच.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उलटी बोटं एका कोपऱ्यावरून फिरवली, सावकाश, गरम तव्यावरून फिरवावीत तशी. थांबले. परत फिरवली. भांडं माझ्यापुढे धरलं.

"बघा जरा मॅडम. बरोबर हाय ना?"

मी कोपऱ्यावर बोटं ठेवली. तेल होतं, पत्रा कोमट होता. जाड की पातळ, मला काहीच कळलं नाही.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली, भांडं पुढे ठेवलं आणि दुसरं काढून तसंच माझ्यापुढे धरलं.